पहिलं पुस्तक : लिहिलं कसं, खपलं कसं? (अनुभव धागा)

पहिलं पुस्तक आलं की नातेवाईक, मित्रमंडळी आणि ऑफिसातली माणसं मिळून बऱ्यापैकी प्रती उचलतात. काही जण सही करून मागतात, फोटो निघतात, अभिनंदनाचा पाऊस पडतो. मग ओळखीचे लोक संपतात आणि विक्रीही तिथेच थांबते. माझ्या ललित लेखांच्या पुस्तकाचं सध्या हेच चाललंय, म्हणून हा धागा.

मला जाणून घ्यायचंय ते त्यापुढचं. ज्याने आपलं नावही ऐकलेलं नाही, त्याच्यापर्यंत पुस्तक पोहोचलं कसं? आणि ते लिहितानाच काय केलं, ज्याचा पुढे उपयोग झाला?

दोनच अटी. स्वतः केलंय तेवढंच लिहा. 'सातत्य ठेवा', 'स्वतःवर विश्वास ठेवा' हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. आणि स्वतःच्या पुस्तकाचं नाव टाकू नका, नाहीतर धाग्याचं जाहिरातींचं पान होईल.

अर्धविराम

रहस्यकादंबरी. हस्तलिखित वाचायला दिलं की लोक 'छान आहे' म्हणतात आणि त्या 'छान'चं काही करता येत नाही. म्हणून मी अभिप्राय मागितलाच नाही. छापील कागद दिले आणि सांगितलं, वाचता वाचता जिथे खाली ठेवाल तिथे समासात तारीख टाका, बाकी काही नको. गठ्ठे परत आले तेव्हा बहुतेक तारखा तिसऱ्या प्रकरणात होत्या. तिथे माझ्या इन्स्पेक्टरचं बालपण होतं, आणि सगळ्या पुस्तकात माझं सर्वांत लाडकं तेच. त्याचा एक परिच्छेद उरला, तोही खून झाल्यानंतर.

दुसरं म्हणजे मोठ्याने वाचणं. संवाद तर वाचलेच, पण मधली वाक्यंही. 'तो अत्यंत संतप्त होऊन दाराकडे निघाला' हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच माझं मलाच हसू आलं. आता तिथे 'चष्मा टेबलावर तसाच ठेवून तो निघाला' एवढंच आहे. राग त्यातच आला.

प्रसिद्धीचं म्हणाल तर एकच गोष्ट चालली. पहिली तीन प्रकरणं फुकट वाचायला ठेवली आणि तिसरं अशा जागी तोडलं की पुढचं वाचल्याशिवाय झोप येऊ नये. रहस्यकथेला हे जमतं. ललित लेखांना जमेल का, शंका आहे.

ग्रीसचे हात

माझं पुस्तक सायकल दुरुस्तीचं. साहित्यिक वगैरे काही नाही, त्यामुळे मला तुमच्यासारखं टेन्शनही नव्हतं.

लिहायला बसण्याआधी सायकलवाल्यांच्या गटांत लोक काय विचारतात ते वहीत उतरवत गेलो. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: ब्रेक घासतो, चेन उतरते, गिअर मधेच उडी मारतो. पुस्तकाची प्रकरणं त्याच शब्दांत केली. 'गतिप्रेषण यंत्रणा' असं प्रकरण केलं असतं तर ज्याची चेन उतरलीय तो तिथपर्यंत पोहोचलाच नसता.

प्रकाशकाशी मी दोन गोष्टींवर अडून बसलो. पहिली बांधणी. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुस्तक जमिनीवर उघडं ठेवलं की आपोआप मिटतं, आणि दुरुस्ती करताना दोन्ही हात काळे असतात. पान धरणार कोण? म्हणून शिलाईची बांधणी, जी सपाट उघडते. खर्च वाढला, प्रकाशक कुरकुरले. दुसरी गोष्ट म्हणजे शेवटची सूची, तीही लोकांच्या तोंडच्या शब्दांची: 'कर्रकर्र आवाज' हीसुद्धा नोंद आहे.

प्रचार मी असा केलाच नाही. गटात कुणी अडलं की तिथल्या तिथे पूर्ण उत्तर द्यायचो, 'पुस्तकात वाचा' असं कधी म्हटलं नाही. पुस्तक आहे हे लोकांना आपोआप कळत गेलं. एकदा एकाने दुसऱ्याला उत्तर देताना माझ्या पुस्तकातल्या आकृतीचा फोटो टाकला. कॉपीराइटचं काय, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, यापेक्षा चांगली जाहिरात मला करता येणार नाही.

खिळेजुळारी

मी लेखक नाही, मुद्रितशोधन करतो. पण नव्या लेखकांचीच पुस्तकं जास्त येतात, म्हणून लिहितो.

पुस्तक साधारणपणे 16 पृष्ठांच्या फॉर्ममध्ये (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला गठ्ठा) छापलं जातं. तुमचा मजकूर 163 पृष्ठांचा झाला तर कागद 176 चा लागतो, आणि उरलेली पृष्ठं कोरी जातात किंवा तिथे काहीतरी भरलं जातं. तीन पृष्ठं कापली की 160 मध्ये बसतं. हे शेवटच्या प्रुफाला (छपाईआधी तपासायची प्रत) नाही, मांडणी सुरू असताना विचारा. लेखक म्हणतात, 'एक शब्द कमी करता येणार नाही.' येतात. नेहमी येतात.

चुका कुठे राहतात? बारीक टाइपात नाही, मोठ्या टाइपात. मुखपृष्ठ, कणा, प्रकरणांची नावं, फोटोखालच्या ओळी. तिथे डोळा वाचत नाही, ओळखतो. लेखकाच्याच नावात चूक असलेलं मुखपृष्ठ मी छपाईला जाता जाता थांबवलंय, आणि ते त्या लेखकाने स्वतः पास केलं होतं. शेवटचं प्रुफ कागदावर घ्या, ओळीखाली पट्टी धरा आणि स्वतः वाचू नका, ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला वाचायला लावा.

किंडलवाली

ई-बुकचा अनुभव. किंडलच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुकांच्या दुकानात नमुना म्हणून पुस्तकाचा साधारण पहिला 10 टक्के भाग फुकट वाचता येतो. माझं पुस्तक लहान. त्या 10 टक्क्यांत काय होतं? अर्पणपत्रिका, एका ज्येष्ठांची प्रस्तावना, माझं मनोगत, ऋणनिर्देश. कथा सुरू व्हायच्या आत नमुना संपला! दुकानात येऊन वाचकाने फक्त माझ्या आभारांची यादी वाचायची आणि त्यावरून पैसे द्यायचे का ते ठरवायचं. मी प्रस्तावना आणि आभार मागे नेले. ज्येष्ठ थोडे नाराज झाले, पण नमुन्यात पहिली कथा अख्खी आली आणि खरेदी हलायला लागली.

टायपिंग युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर अक्षरं नीट दिसतात त्या पद्धतीत. माझा जुना मजकूर डीटीपीच्या (छपाईसाठीच्या जुन्या) फाँटमध्ये होता. तो बदलून घेतल्यावर रफार भलत्याच अक्षरावर चढले, काही जोडाक्षरं फुटली. सगळं पुन्हा ओळ न् ओळ तपासावं लागतं, सॉफ्टवेअरवर सोडून भागत नाही.

मानधनाचे तिथे दोन दर आहेत, 35 आणि 70 टक्के. 70 ऐकून हुरळून जाऊ नका. त्याला किमतीची मर्यादा आहे, फाइल जड असेल तर पोहोचवण्याचा खर्च कापला जातो (फोटो भरताना विचार करा), आणि काही देशांतल्या विक्रीवर तो दर हवा तर सिलेक्ट योजनेत जावं लागतं. सिलेक्ट म्हणजे 90 दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा नाही. छापील आवृत्तीला हे बंधन नाही. आणि मुदत संपली की ते आपोआप पुढे चालू होतं, नको असेल तर आधी जाऊन बंद करायचं.

यमक जुळेना

कवितासंग्रह. दुकानातून खपत नाही. वाचनाच्या कार्यक्रमात दाराशी टेबल लावलं तर खपतो, तोही ज्या दिवशी मी कमी कविता वाचते त्या दिवशी. बाकी निरीक्षण नाही.

शंकासुर

तुम्ही सगळे फार कष्टाचं सांगताय. अँडी वीअर या अमेरिकन लेखकाने 'द मार्शियन' ही विज्ञानकादंबरी स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकली. वाचकांनी मागितली म्हणून 2011 मध्ये किंडलवर ठेवली, तीही ॲमेझॉन परवानगी देतं त्या सगळ्यात कमी किमतीला. 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाने काढली, 2015 मध्ये सिनेमा. कसला प्रचार आणि कसलं काय.

अर्धविराम

@शंकासुर, त्या गोष्टीचा आधीचा भाग कुणी सांगत नाही. तो त्या वेबसाइटवर कितीतरी वर्षं कथा आणि कॉमिक्स टाकत होता, वाचक आधीच जमलेले होते. शिवाय त्यातल्या विज्ञानाच्या चुका वाचक दाखवत गेले आणि तो दुरुस्त करत गेला. म्हणजे फुकटात तज्ज्ञ संपादक मिळाले. उचलायचं तर हे उचला.

उजवा हात

माझ्या नवऱ्याला पक्षाघात झाला आणि त्याची भाषा गेली. समजायचं सगळं, बोलता यायचं नाही. त्या काळाबद्दल लिहिलं. पुस्तकाला मी काव्यमय नाव दिलं होतं, आणि मला ते अजूनही आवडतं. पण ज्या घरात हे घडलंय तिथला माणूस रात्री मोबाइलवर काय शोधतो? 'पक्षाघातानंतर बोलता येत नाही.' माझ्या शीर्षकात यातला एक शब्द नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत नाव तेच ठेवलं, खाली उपशीर्षक साध्या शब्दांत दिलं. लोक शोधून यायला लागले ते त्या उपशीर्षकामुळे.

मलपृष्ठही बदललं. आधी तिथे माझा परिचय होता, शिक्षण, नोकरी, छंद. आता तिथे पुस्तकातलाच एक प्रसंग आहे, तो 'पाणी' म्हणायला जातो आणि 'खिडकी' म्हणतो, आणि चूक झाली हे त्याला कळतं. ज्यांनी हे पाहिलंय ते तिथेच थांबतात. ज्यांनी नाही, ते पुस्तक ठेवून देतात, आणि त्यात काही वाईट नाही. ते माझे वाचक नाहीत, हे पटायला मात्र वेळ गेला.

वर्तमानपत्रात परीक्षण आलं तेव्हा विक्रीत फार हालचाल झाली नाही. एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आपल्या वेटिंग रूममध्ये प्रत ठेवली तेव्हा झाली. नंतर मी अशा ठिकाणी स्वतःहून प्रती दिल्या, एक ठेवायला आणि एक त्यांना स्वतःला वाचायला. ही दुसरी प्रत महत्त्वाची. न वाचता कुणी मनापासून शिफारस करत नाही.

काळ्यावर पांढरं

पैसे देऊन पुस्तक काढणाऱ्यांसाठी. मी एका कंपनीचं पॅकेज घेतलं, नाव लिहीत नाही. यादीत 'मार्केटिंग' होतं. प्रत्यक्षात त्यांच्या पेजवर मुखपृष्ठाची एक पोस्ट आली, तिला लाइक माझ्याच मित्रांचे. त्याहून त्रास झाला आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा. तो 'मोफत' म्हणजे कंपनीच्या नावावर. बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा नवा आयएसबीएन, नवा बारकोड, म्हणजे मुखपृष्ठाची फाइलही नवी, आणि जुनी नोंद ऑनलाइन 'उपलब्ध नाही' म्हणून तशीच लटकतेय. साधी (पेपरबॅक) बांधणी, पुठ्ठा बांधणी, ई-पब (ई-बुकची फाइल), प्रत्येक रूपाला वेगळा आयएसबीएन लागतो हेही तेव्हाच समजलं. (किंडलला सक्ती नाही, ॲमेझॉन स्वतःचा क्रमांक देतं.)

करार वाचताना मी आता एवढं बघतो: हक्क कायमचे लिहून घेतायत की ठरावीक वर्षांसाठी? अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपट यांचे हक्क त्याच वाक्यात गुंडाळलेत का? पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क परत कधी येणार? 'कॉपीराइट नोंदवून देतो' म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल तर लक्षात घ्या, बर्न करार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशांत कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही, लिहिलंत की तो तुमचा. वाद झाला तर पुरावा म्हणून नोंदणीचा उपयोग होतो, ते वेगळं.

चित्रं मोजणारी

मुलांचं चित्रपुस्तक. बहुतेक चित्रपुस्तकं 32 पृष्ठांची असतात (खिळेजुळारींनी सांगितलेले 16 चे दोन फॉर्म), म्हणून मी मजकूर आधी कोऱ्या कागदांच्या घडीत पेन्सिलीने लिहून पाहिला. पान उलटायच्या जागी प्रश्न यायला हवा, उत्तर मागच्या बाजूला. मुलं ती जागा बरोबर ओळखतात, हात आधीच पानाच्या कोपऱ्यावर जातो. शाळेत वाचून दाखवताना जिथे हात गेला नाही, ती पानं मी आणि चित्रकाराने पुन्हा केली.

किंडलवाली

एक राहिलंच. रिव्ह्यूसाठी घरच्यांना भरीस घालू नका. कुटुंबातल्या आणि जवळच्या मित्रांच्या रिव्ह्यूंना ॲमेझॉनची मनाई आहे आणि ते काढून टाकतात. माझ्या भाचीने भरभरून लिहिलेला गायब झाला. त्याऐवजी मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दोन ओळी टाकल्या: आवडलं असेल किंवा नसेल तर जिथून घेतलंत तिथे लिहा. अनोळखी लोकांचे यायला लागले. एकाने दोन तारे दिले आणि 'शेवटच्या तीन कथा सारख्याच आहेत' असं लिहिलं. खरं आहे ते.

ग्रीसचे हात

@किंडलवाली, माझ्याकडे एकाने एक तारा दिलाय, कारण 'पुस्तकावर तेलाचे डाग पडतात'.

अर्धविराम

धागाकर्तीसाठी थोडं अजून. माझ्या पहिल्या कादंबरीची विक्री दुसरी आल्यावर वाढली. दुसरी आवडलेले लोक मागे जाऊन पहिली घेतात. म्हणून पहिल्याच्या नव्या छपाईत शेवटी दुसरीचं पहिलं प्रकरण जोडलं. पाच पृष्ठं जास्त झाली तर अख्खा फॉर्म वाढला, खिळेजुळारी हसतील. ललित लेखांचं म्हणाल तर संग्रहातला एक लेख निवडा, जो संग्रहाबाहेरही एकटा उभा राहतो, आणि तो जिथे त्या विषयाची माणसं आहेत तिथे पाठवा, साहित्याच्या पानावरच असं नाही. तुमचा एखादा लेख झाडांवर असेल तर झाडवाल्यांकडे. खाली एक ओळ, कोणत्या पुस्तकातला ते.

धागाकर्ती

झाडांवर नाही, पण रेल्वेच्या वेळापत्रकावर आहे एक. रेल्वेवेड्यांचे गट असतात का हो?

ग्रीसचे हात

असतात का म्हणजे? लेखात इंजिनाचा नंबर असेल तर आधी तपासून घ्या. चुकलेला चालत नाही त्यांना.