हवाईतलं जपानी जेवण: तुमचे अनुभव लिहा

हवाईच्या ओआहू बेटावर सुट्टीला जाणारे हमखास विचारतात, "वायकीकीत (होनोलुलूच्या किनाऱ्यावरचा पर्यटकांचा भाग) जिकडे तिकडे जपानी हॉटेलं, मग आपण खायचं काय?" ही हॉटेलं फक्त पर्यटकांपुरती नाहीत. १८६८ मध्ये पहिले जपानी मजूर इथल्या उसाच्या मळ्यांवर आले आणि १८८५ पासून सरकारी करारावर हजारोंनी येत राहिले. त्यांचं जेवण आता बेटाचंच झालंय. तिथे जेवला असाल तर काय मागवलंत, काय विचारून घ्यावं लागलं, सविस्तर लिहा.

•

आम्ही मालवणकडचे. घरी कुप्याला (ट्यूना) सुरमईचा मान नाही, त्यामुळे 'आही पोके' म्हणजे कच्च्या कुप्याचे तुकडे हे कळल्यावर आई खाईल असं वाटलं नव्हतं. सोया सॉस, तिळाचं तेल, कांदा, समुद्री शेवाळ, बस्स. वास अजिबात नाही. आईने माझ्या वाटीतलाही अर्धा संपवला! होनोलुलूत १९५२ पासून माशांचा लिलाव चालतो. तिथे शेपटीजवळ काप घेऊन मांसाचा रंग आणि चरबी पाहतात, मग बोली लागते. मासा असा पारखून घेणाऱ्यांच्या हातचं खाताना मला तरी भीती वाटली नाही.

•

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. माझ्या सासूबाई अंडंही खात नाहीत. "व्हेजिटेरियन आहे का?" एवढंच विचारलं तर मीसो सूपलाही (आंबवलेल्या सोयाबीनचं सार) हो म्हणतात, कारण त्यात माशाचा तुकडा दिसत नाही. पण 'दाशी' नावाचं पाणी बहुतेक सगळ्या रश्श्यांचा पाया असतं, आणि ते कोंबू शेवाळाबरोबर सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचं करतात. आपल्या आमटीतल्या फोडणीसारखं ते सगळीकडे असतं, फक्त दिसत नाही. भाज्यांच्या तेंपुराबरोबरच्या (पिठात बुडवून तळलेल्या भज्यांसारखा प्रकार) सॉसमध्ये दाशी, पिठात बरेचदा अंडं, आणि तळण कोळंबीच्याच तेलात. टोफूवरही (सोयाबीनचं पनीर) बोनिटो भुरभुरतात. म्हणून थेट विचारा: "दाशी माशाची आहे का? अंडं आहे का? तेल वेगळं आहे का?" आम्हाला काकडीचे माकी रोल (शेवाळात गुंडाळलेला भात), अवोकाडो रोल, मीठ लावलेले एदामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा) आणि साधा भात बिनघोर मिळाला. एका ठिकाणी आचाऱ्याने नुसत्या कोंबू आणि शिताके मशरूमच्या पाण्यात उदोन (जाड नूडल्स) करून दिले. सासूबाईंनी उठून त्याला नमस्कार केला. तो वाकला, त्याही वाकल्या. मला फार भरून आलं.

•

मोठ्या हॉटेलांपेक्षा 'ओकाझुया' शोधा. जपानी घरगुती पदार्थांची छोटी दुकानं असतात. काउंटरवर बोट दाखवायचं, ते डब्यात भरून देतात. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत बरंचसं संपतं. तिथे इनारीला 'कोन सुशी' म्हणतात: गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत आंबूस भात. (वरच्या ताईंचा प्रश्न इथेही विचारा, ती पिशवी दाशीत शिजवलेली असू शकते.) मुसुबीवर (भाताची दाबलेली वडी) मात्र बरेचदा स्पॅम असतं, म्हणजे डुकराचं डबाबंद मांस.

•

मुलाला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. बिनगव्हाचा तामारी (सोया सॉसचाच प्रकार) सोबत ठेवला आणि वाढणाऱ्या मुलीला आधीच सांगितलं, म्हणून निभावलं.

•

टिपबद्दल कोणी लिहिलं नाही. जपानमध्ये टिप देत नाहीत, पण हवाई अमेरिकेत आहे. १५ ते २० टक्के धरूनच बजेट करा. बिल मात्र नीट वाचा: एका ठिकाणी सेवाशुल्क आधीच लावलेलं होतं आणि खाली टिपेची रिकामी ओळही होती. माझ्या मते हे ग्राहकाला तोंडी सांगायलाच हवं.

•

तेप्पान्याकीला जाणाऱ्यांसाठी: समोरच्या एकाच लोखंडी तव्यावर गोमांस, कोळंबी, भाज्या सगळं होतं. टेबल राखतानाच आम्ही सांगितलं, तेव्हा आमच्या भाज्या आणि भात आत वेगळ्या कढईत झाले. मुलांना आचाऱ्याच्या उलथन्यांची करामतही बघायला मिळाली. ऐन जेवणाच्या गर्दीत सांगितलं असतं तर जमलं नसतं, असं त्यानेच सांगितलं.