टेम्प ट्रॅकला मराठीत काय म्हणायचं?

अर्धमात्रा: एका चित्रपट-संगीतकाराची इंग्रजी मुलाखत मराठीत करतेय. हा गाणी करत नाही, फक्त पार्श्वसंगीत. बाकीचं निभावलं, अडलंय 'टेम्प ट्रॅक'पाशी. संकलक सीन जोडताना दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमाचं संगीत खाली टाकून ठेवतो. दिग्दर्शक तेच महिनोनमहिने ऐकतो आणि शेवटी संगीतकाराला बोलावून म्हणतो, 'अस्संच हवं, पण हे नको.' मी 'तात्पुरतं संगीत' लिहिलं होतं. संपादकांनी रेघ मारून शेजारी 'हंगामी?' असं लिहून पाठवलंय. हंगामी अध्यक्ष असतात हो!

कोपरखळी: मग 'काळजीवाहू संगीत' करा. निवडून आलेलं येईपर्यंत कारभार बघणारं.

विसर्ग: थट्टा पुरे. 'उसनं संगीत' हा घरचा, स्वच्छ शब्द असताना हंगामी कशाला?

गिरगावकर: माझे काका व्हायोलिन वाजवायचे, ताडदेवच्या फिल्म सेंटरला, कधी मेहबूबला. त्यांच्या तोंडी 'पार्श्वसंगीत' मी कधी ऐकलं नाही. 'आज बॅकग्राउंड आहे' एवढंच म्हणायचे, आणि काकू समजायच्या की जेवायला वाट बघायची नाही. पडद्यावर रीळ लावायचे. हजार फुटांचं, म्हणजे जेमतेम ११ मिनिटांचं. वाजवून घेणाऱ्याची नजर पडद्यावर आणि बाकी सगळ्यांची त्याच्या हातावर. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. टेम्पबिम्प काही नाही. रविशंकरांनी 'पथेर पांचाली'चं (१९५५) संगीत साधारण ११ तासांच्या एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित केलं. त्यात उसनं आणायला सवड कुणाला?

सनईचौघडा: मी 'चाल' सुचवतो. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल –' असं छापून पुढे मूळ गाण्याचे शब्द दिलेले असतात. 'सौभद्र' (१८८२) बघा. हे टेम्पच की! अण्णासाहेबांच्या काळापासून आपल्याकडे आहे.

विसर्ग: अजिबात नाही. तिथे चाल तीच ठेवून शब्द नवे घालायचे, आणि कुठून घेतली ते उघड छापायचं. इथे लय, वजन, भाव तोच ठेवून सूर तेवढे बदलायचे आणि मूळ कुणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही, नाहीतर वकील दारात. एक ऋण मान्य करणं आहे, दुसरं ऋण लपवणं.

अर्धमात्रा: मुलाखतीतल्या माणसाचं दुखणं हेच आहे. कट त्या उसन्या संगीताच्या ठोक्यावरच बसवलेले असतात, त्यामुळे याला लय बदलायची सोय राहत नाही. बरं, कसंबसं जमवलं की चित्र पुन्हा कापतात. २ सेकंद काढले म्हणजे ४८ फ्रेम गेल्या, याची सम भलत्याच जागी. प्रदर्शनाची तारीख काही हलत नाही, आणि रांगेत हा शेवटचा. शब्दातून हा जाच थोडा तरी कळायला हवा.

फोडणीचा भात: मी मालिकांचं संकलन करते. आमच्याकडे सर्रास 'रेफरन्स' म्हणतात. 'इथे रेफरन्स लावून ठेव.' तसं मालिकेत तेही कमीच. सुरुवातीलाच 'सॅड', 'टेन्शन', 'कॉमेडी' अशा तुकड्यांची बँक करून घेतात, मग रोज आम्हीच त्यातून उचलून लावतो. लोक बोलतात ते लिहा, संपलं.

विसर्ग: या न्यायानं 'दिग्दर्शक'ही नकोच होता. सावरकरांनी रुजवला नसता तर आज डायरेक्टर म्हणत बसला असता.

फोडणीचा भात: सेटवर डायरेक्टरच म्हणतात. किंवा 'सर'.

कोपरखळी: मला 'पार्श्वसंगीत'चंच कोडं आहे. पार्श्वभाग म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथलं संगीत?

सनईचौघडा: पार्श्व म्हणजे मागचं नव्हेच. पर्शु म्हणजे बरगडी, तिच्यावरून पार्श्व, म्हणजे कूस, बाजू. पार्श्वसंगीत म्हणजे चित्राच्या कुशीतलं संगीत.

विसर्ग: व्युत्पत्ती बरोबर, अर्थ ओढून आणलेला. शब्द घडवणाऱ्यापुढे 'पार्श्वभूमी' असणार, बरगड्या नव्हेत.

गिरगावकर: 'तात्पुरतं' मात्र नकोच. '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) कुब्रिकनं अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं, आणि शेवटी टेम्प म्हणून लावलेले श्ट्राउस वगैरेच ठेवले. नॉर्थला हे कळलं चित्रपट बघायला बसल्यावर. तात्पुरतं कसलं डोंबलाचं!

अर्धमात्रा: हे छान सापडलं. पण मग 'उसनं'ही लंगडंच की, उसनं निदान परत तरी करतात. बघते. तोवर आणखी एक: या माणसाला नुसतं 'संगीतकार' म्हटलं की वाचक विचारणार, गाणी कुठली? 'पार्श्वसंगीतकार' चालेल?

गिरगावकर: न चालायला काय झालं? ५७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत गाण्यांचा आणि पार्श्वसंगीताचा पुरस्कार वेगवेगळा दिला, पार्श्वसंगीताचा इलयाराजांना. 'पार्श्वगायक' चालतो ना?

सनईचौघडा: तोच तर चुकीचा आहे. गाणं अगदी पुढ्यात वाजतं, त्यात पार्श्व कुठलं?

विसर्ग: गाणं पुढ्यात, गायक पडद्याआड. साधी गोष्ट आहे.

सनईचौघडा: मग 'आडगायक' म्हणा!

विसर्ग: आणि त्याला कूस कुठली, डावी की उजवी?