स्टेशनपर्यंतचा रस्ता कोण बांधणार?

मेट्रोचे पैसे उड्डाणपुलांवर घातले असते तर पुण्याची कोंडी कधीच सुटली असती, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. त्यासाठी ते पुण्यातल्या चांदणी चौकाचं उदाहरण देतात, ते मान्य. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवे पूल खुले झाले आणि तिथला ताण बराच हलका झाला. पण विद्यापीठ चौकातला पूलही कोंडी फोडायलाच बांधला होता, तो २०२० मध्ये पाडावाच लागला.

मला वेगळीच गोष्ट मांडायची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो सिव्हिल कोर्टपर्यंत आली तेव्हापासून मी आनंदनगरहून मेट्रोनेच कामाला जातो. मेट्रोतली ती थोडी मिनिटं दिवसातली सगळ्यात सुखाची. त्रास आहे तो घर ते स्टेशन या पाऊण किलोमीटरचा. फुटपाथच्या मधोमध विजेचा डीपी, पुढे फरशा उखडलेल्या, आणि सिग्नलला थांबायला नको म्हणून दुचाक्या थेट अंगावर येतात. माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिला मेट्रो फार आवडते, पण स्टेशनपर्यंत जायला ती रिक्षाच करते. रिक्षा मिळाली नाही तर जाणंच रद्द. शेजारचे दोघे याच कारणाने परत स्कूटरवर आले, म्हणजे रस्त्यावर दोन गाड्या पुन्हा वाढल्या. कोट्यवधींचं स्टेशन बांधताना त्याच्या चारी बाजूंचा किलोमीटरभर फुटपाथ आणि गल्लीबोळांतून फिरणारी छोटी बस त्याच खर्चात धरायलाच हवी होती. अजूनही धरता येईल.