सल्ला हवा: साथीच्या काळात टपालसेवेला सरकारी मदत, वादविवादासाठी मुद्दे

शाईपेन
कॉलेजच्या वादविवादात ‘साथीत सरकारने टपालसेवेला पैसा द्यावा’ ही बाजू माझ्याकडे आली आहे. उदाहरण अमेरिकेचं, २०२० सालचं. ‘तोट्यातलं खातं जनतेनं का पोसायचं?’ असं समोरचे विचारणारच. सुरुवात कुठून करू?

दूरची_वाडी
औषधांपासून. तिथल्या माजी सैनिकांची बहुतेक औषधं टपालानं घरपोच जातात. साथीत घराबाहेर पडणंच धोक्याचं, तेव्हा पोस्टमन आला नाही तर गोळ्या चुकतात. शिवाय आडवाटेच्या घरालाही पत्राचं तिकीट शहराइतकंच. हा भार दुसरं कुणी आपणहून उचलणार नाही.

जमाखर्च
‘तोटा’ हा शब्द तसाच सोडू नकोस, खरी लढाई तिथेच आहे. हे खातं रोजचा खर्च करातून नाही, तिकिटं आणि पार्सलांच्या कमाईतून भागवतं. २००६च्या कायद्यानं निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची तरतूद आगाऊ करायची सक्ती केली, वर्षाला सुमारे ५.५ अब्ज डॉलर. पुढच्या वर्षांतल्या तोट्याचा मोठा हिस्सा याच अटीचा. २०२२ साली ती रद्द झाली. आणि हो, साथीत पार्सलं वाढली हे प्रामाणिकपणे मान्य कर. पत्रं मात्र घटली, आणि पार्सलाला हात जास्त लागतात, तेही अनेक सहकारी आजारी किंवा विलगीकरणात असताना.

शाईपेन
हे फार कामाचं आहे. मग मिळालं ते कर्ज की अनुदान?

जमाखर्च
आधी कर्ज. मार्च २०२०च्या केअर्स कायद्यात, म्हणजे साथीतल्या मदतीच्या कायद्यात, १० अब्ज डॉलर. त्या बदल्यात अर्थखात्यानं मोठ्या दहा ग्राहकांशी झालेल्या करारांच्या प्रती मागितल्या. डिसेंबरमध्ये संसदेनं परतफेडच माफ केली. तुझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच: साथीत कर्ज देऊन भागत नाही, हे शेवटी संसदेलाच मान्य करावं लागलं.

दूरची_वाडी
सहमत, पण बिनशर्त मदत मागू नकोस, तिथे परीक्षक पकडतील. अटी घाल, पण सेवेच्या: टपाल किती दिवसांत पोचलं ते जाहीर करा, कर्मचाऱ्यांना मास्क आणि पगारी रजा द्या. ग्राहकांचे करार बघण्याची अट मला पटत नाही, त्यानं कुणाचं पत्र लवकर पोचत नाही.

शाईपेन
औषधांनी सुरुवात, मग २००६, मग कर्जमाफी. शेवट कशानं करू?

दूरची_वाडी
२०२२च्या जानेवारीत सरकारनं घरोघरी मोफत कोविड चाचणीसंच पाठवायचे ठरवले. ते पोचवले याच टपालखात्यानं.