मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये 'कोमो सि' (जणू काही) नंतर सब्जंक्टिव्ह (कल्पना-शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप), मग 'पारेसे के' (असं दिसतं की) नंतर का नाही?

मंडळी, स्पॅनिशच्या बी२ (मध्यमच्या वरची पातळी) परीक्षेची तयारी चालू आहे आणि एका जागी घोडं अडलंय.

कुणी मालक असल्याच्या थाटात बोलत असेल तर 'आब्ला कोमो सि फुएरा एल दुएन्यो'. इथे 'फुएरा' हे इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह, म्हणजे सब्जंक्टिव्हचं भूतकाळी रूप, ठीक. रूपंही जड नाहीत: प्रेटेरिटमधलं (साध्या भूतकाळातलं) अनेकवचनी 'ते'चं रूप घ्यायचं, 'रोन' काढून 'रा' लावायचं. तुबिएरोन-तुबिएरा, सुपिएरोन-सुपिएरा.

पण 'तो दमलेला दिसतोय' याला पुस्तकात 'पारेसे के एस्ता कान्सादो', म्हणजे साधा इंडिकेटिव्ह (सरळ विधानाचं रूप). आणि पुढच्याच पानावर 'पारेसे कोमो सि एस्तुबिएरा कान्सादो'! दोन्हीकडे दिसण्याचीच गोष्ट, मग क्रियापद का बदललं? शिवाय 'आब्ला'चं (बोलतो) 'आब्लाबा' (बोलत होता) झालं तर 'फुएरा'चंही एक पायरी मागच्या काळातलं 'उबिएरा सिदो' करायचं का?

प्रतिसाद १
'पारेसे के' म्हणताना तुमचा अंदाज खरा असावा असं तुम्ही धरून चालता, म्हणून इंडिकेटिव्ह. (नकार आला की मात्र सब्जंक्टिव्ह: 'नो पारेसे के एस्ते कान्सादो'.) 'कोमो सि'मध्ये नुसता आव असतो; तो मालक नाहीच, किंवा निदान तुम्ही तशी ग्वाही देत नाही. आणि 'कोमो सि सेआ' चुकूनही लिहू नका, वर्तमानकाळी सब्जंक्टिव्ह तिथे चालतच नाही.

काळाचं म्हणाल तर 'आब्ला' असो की 'आब्लाबा', दोन्ही गोष्टी एकाच वेळच्या असतील तर 'फुएरा'च. आधी घडून गेलेलं असेल तरच 'उबिएरा': 'एस्ता पालिदो, कोमो सि उबिएरा बिस्तो उन फान्तास्मा'. भूत मघाशी पाहिलं, चेहरा आत्ता पांढराफटक.

प्रतिसाद २
वाचताना 'फुएसे' दिसलं तर बिचकू नका, ते 'फुएरा'चंच दुसरं रूप. बोलण्यात 'रा'वालीच रूपं जास्त. आणि 'नि के फुएरा रिको!' पाठच करा. जसा काही मोठा श्रीमंतच लागून गेलाय! माझ्या मते हा प्रयोग डोक्यात बसवायला यासारखं वाक्य नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार, काळाचा गुंता सुटला. पण मग 'पोर मि, कोमो सि से बा' हे ऐकलंय त्याचं काय? तिथे तर सरळ 'बा' आहे.

प्रतिसाद १
ते प्रकरणच निराळं. 'गेला तर गेला, माझं काय जातंय!' तिथे कशासारखं दिसण्याचा संबंधच नाही, म्हणून इंडिकेटिव्ह. बोलीतच वापरा, निबंधात नको.