मदत हवी आहे: पुण्याची थंडी, मुंबईचा घाम

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमधली हाफ, म्हणजे 21.097 किमी, आमच्या ग्रुपचे सहाजण एकत्र धावणार आहोत. सराव सगळा पुण्यात, पहाटे साडेपाचला, कानटोपी घालून. पाषाणला तर तोंडातून वाफ निघते. तिकडे मात्र दमट हवा! गेल्या वर्षी पंधराव्या किलोमीटरलाच माझ्या पोटरीत असा गोळा आला की दुभाजकावर बसकण मारली. कपाळावर मिठाचे पांढरे पट्टे. बरोबरचे दोघे थांबले, त्यांचीही वेळ गेली. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तर अनुभवी मंडळी, पुण्याच्या पेसपेक्षा (म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेपेक्षा) मुंबईत किलोमीटरमागे किती सेकंद जास्त धरावेत? इलेक्ट्रॉल आदल्या दिवसापासून घ्यावं का? आणि सगळ्यांनी सोबतच राहावं, की ज्याने त्याने आपापलं पळावं?