वाचनालयाच्या होस्टिंगवर पाहुण्यासाठी एफटीपी (फाइली थेट सर्व्हरवर चढवायची सोय) कसं द्यायचं? मेन पासवर्ड द्यायचा नाहीये

जुनी_पानं:

नमस्कार मंडळी, मदत हवीये आणि जरा घाईने हवीये. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी बघते, नोकरी वेगळीच आहे, हे काम वाचनालयावरच्या प्रेमापोटी. तिथे सभासदांनी दरवर्षी हाताने लिहून काढलेले जुने हस्तलिखित अंक आहेत, प्रत्येकाची एकच प्रत. एका अंकावर पोळ्याच्या बैलांचं चित्र आहे, झुलीचा लाल रंग अजून काल लावल्यासारखा दिसतो पण पान उलटताना कडेचा भुगा बोटांना लागतो. म्हणून यंदा ठरवलं की काही झालं तरी स्कॅन करायचेच. पुण्यात ओळखीचे एक दादा आहेत, त्यांच्याकडे पुस्तक न दाबता वरून फोटो घेणारा स्कॅनर आहे, ते एक पैसा न घेता करून देतायत.

एकूण ४१२ पानं, ३०० डीपीआय, रंगीत टिफ (दर्जा न घटवता ठेवलेली मोठी चित्रफाइल), एक पान साधारण २६ एमबी म्हणजे जवळजवळ पावणेअकरा जीबी होतात. मेलने जाणं शक्यच नाही, पहिल्या खेपेला कुरियरने पेनड्राइव्ह मागवला तर तो इथे उघडलाच नाही, दादांना परत सगळं कॉपी करायला लागलं. आता ते म्हणतायत ताई, होस्टिंगचं एफटीपी द्या, मी रात्री लावून झोपतो.

पण माझ्याकडे फक्त सीपॅनलचं (होस्टिंग सांभाळायचं पान) मेन लॉगिन आहे, त्यातच वाचनालयाचे मेल, त्यातच डेटाबेस आणि डेटाबेसमध्ये ६०० सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर. कमिटीतले काका म्हणाले देऊन टाक, काम झालं की बदल. दादांवर तसूभरही अविश्वास नाही, पण लोकांनी नंबर वाचनालयाला दिलेत, ते असे बाहेर द्यायला मन तयार होत नाही.

दोन प्रश्न. पाहुण्याला फक्त त्याच्यापुरतं एक फोल्डर दिसेल असं करता येतं का? आणि पॅनलमध्ये ॲनॉनिमस एफटीपी असं दिसतं ते पाहुण्यांसाठीच असतं का? प्लॅन २० जीबीचा आहे, ३ वापरलेत.

सर्व्हरवाला_कोल्हापूर:

ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय, मेन लॉगिन अजिबात देऊ नका. नंतर पासवर्ड बदलला तरी मधल्या काळात त्यांच्या लॅपटॉपमध्ये तो सेव्ह झालेला असतो, आणि सीपॅनलचा पासवर्ड म्हणजे मेल, डेटाबेस, बॅकअप, डोमेनच्या सेटिंग सगळ्याची एकच चावी.

ॲनॉनिमसचं आधी सांगतो. ते पाहुण्यांसाठी नाही, ते येणाऱ्याजाणाऱ्या कुणाहीसाठी आहे, पासवर्डच लागत नाही. पूर्वी विद्यापीठं वगैरे सॉफ्टवेअर वाटायला तसं उघडं ठेवायची. तुमच्या पॅनलमध्ये तिथे दोन टिका असतील, बघू द्यायचं का आणि अपलोड करू द्यायचं का, दोन्ही काढलेल्या आहेत ना ते आजच बघून घ्या. अपलोड उघडं राहिलं तर कुणीही काहीही आणून टाकेल आणि ते तुमच्या नावावर राहील.

आता तुमचं काम. सीपॅनलमध्ये फाइल्सच्या भागात एफटीपी अकाउंट्स म्हणून आहे. लॉगिनमध्ये स्कॅन किंवा असंच साधं नाव द्या, पासवर्ड तिथलाच जनरेट करून घ्या. त्याखाली डिरेक्टरी. इथे घाई करू नका. नाव टाइप केलं की तो रकाना आपोआप भरला जातो, माझ्या पॅनलवर तरी पब्लिक एचटीएमएलच्या, म्हणजे साइट म्हणून जगाला दिसणाऱ्या फोल्डरच्या, आतलाच रस्ता येतो. लोक बघत नाहीत आणि क्रिएट दाबून मोकळे होतात. ते सगळं खोडायचं आणि नुसतं पाहुणे-स्कॅन असं काहीतरी लिहायचं, म्हणजे फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर, त्याच्या शेजारी तयार होतं.

का ते नीट सांगतो कारण हे बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही. एफटीपीतून पाहुणा त्याच्या फोल्डरच्या वर जाऊ शकत नाही, ते खरं आहे. पण फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या आत असेल तर त्यात टाकलेली फाइल ब्राउझरमधूनही उघडते, आणि ती पीएचपीची, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल असेल तर सर्व्हर ती चालवतो, आणि चालवतो ती तुमच्या मेन अकाउंटच्या नावाने. म्हणजे ती फाइल वर्डप्रेसची (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाइल वाचू शकते, तिथून डेटाबेसचा पासवर्ड, तिथून तुमचे ६०० सभासद. दादा असं काही करणार नाहीत हो, पण त्यांच्या कॉम्प्युटरवर व्हायरस आला आणि सेव्ह केलेले एफटीपी पासवर्ड उचलून नेले तर दादांना पत्ताही लागणार नाही. काही जण म्हणतात एचटीॲक्सेसने (फोल्डरचे नियम लिहायची फाइल) पीएचपी बंद करा, पण ती फाइल पाहुण्याच्याच फोल्डरमध्ये असेल तर पाहुणा ती बदलू शकतो, आणि वरच्या फोल्डरमध्ये ठेवली तरी तो खाली स्वतःची टाकून बरंच काही फिरवू शकतो. त्यापेक्षा फोल्डरच बाहेर. ब्राउझरला ते दिसतच नाही, विषय संपला.

कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, अनलिमिटेड ठेवू नका, १२००० एमबी द्या. चुकून दोनदा अपलोड झालं तर डिस्क भरते आणि डिस्क भरली की वाचनालयाचे मेल यायचे बंद होतात, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

जोडताना साधं एफटीपी वापरू नका. हा प्रोटोकॉल जुना आहे, पहिला मसुदा १९७१ चा, अभय भूषण यांनी लिहिलेला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तेव्हा एमआयटीत होते. आपल्या माणसाचं काम आहे म्हणून मला त्याचं कौतुक आहे, पण त्या काळी नेटवर्कवर मोजकी कॉम्प्युटरं होती, त्यामुळे नाव आणि पासवर्ड उघडेच जातात, मध्ये बसलेला कुणीही वाचू शकतो. म्हणून दादांना सांगा, फाइलझिला हे एफटीपीचं सॉफ्टवेअर घ्या, साइट मॅनेजरमध्ये एनक्रिप्शनच्या जागी रिक्वायर एक्सप्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस निवडा, टीएलएस म्हणजे सगळं कुलूपबंद करून पाठवणं. इफ अव्हेलेबल वालं नाही, रिक्वायर वालं. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, २१ च राहतो. विंडोजच्या फोल्डरच्या ॲड्रेस बारमध्ये एफटीपीचा पत्ता टाकूनही जोडता येतं पण तिथे टीएलएस नाही. ब्राउझरचं तर विसराच, फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं.

एसएफटीपी म्हणून वेगळं असतं, २२ नंबरवर, ते जास्त चांगलं, पण सीपॅनलमध्ये ते फक्त मेन अकाउंटला चालतं, अशा पाहुण्या अकाउंटला नाही. त्यामुळे दादा एसएफटीपी टाकून बघतील आणि लागत नाही म्हणतील, तेव्हा गोंधळू नका.

निळी_शाई:

एवढा व्याप कशाला, गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट आहेत, दादांनी फोल्डर शेअर करायचं, ताईंनी उतरवून घ्यायचं. दुसरं म्हणजे शेअर्ड होस्टिंग ही वेबसाइटसाठीची जागा आहे, गोदाम नाही, बऱ्याच कंपन्यांच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं.

सर्व्हरवाला_कोल्हापूर:

ड्राइव्हला माझा विरोध नाही, पण त्या १५ जीबीत मेल आणि फोटो पण धरतात, बहुतेकांचे आधीच अर्धे भरलेले असतात. आणि फाइलझिलात मध्येच तुटलं आणि फाइल अर्धी गेली असेल तर रिझ्यूम म्हणायचं, पुढून चालू. गोदामाचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा आहे. ताई, स्कॅन आले की दोन हार्डडिस्कवर उतरवून घ्या, एक वाचनालयात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी, आणि होस्टिंगवरून काढून टाका. साइटवर लावायला लहान जेपीजी करा, टिफ बऱ्याच लोकांच्या मोबाइलवर उघडणारही नाही.

कोकणवारा:

सगळं बरोबर आहे, फक्त शेवटी अकाउंट काढतानाचं सांगतो कारण ते मला फार महाग पडलंय. मी एका शाळेची साइट बघायचो, स्नेहसंमेलनाचे फोटो टाकायला एका पालकांना असंच अकाउंट करून दिलं होतं आणि डिरेक्टरीच्या रकान्यात मी नुसतं पब्लिक एचटीएमएल ठेवलं होतं. काम झालं, डिलीट दाबलं, त्याने विचारलं की अकाउंटच्या फोल्डरमधल्या फाइल्स पण काढू का, मला वाटलं त्या पालकांच्या फाइल्स, मी हो म्हटलं. पालकांचं फोल्डर म्हणजे पब्लिक एचटीएमएल, म्हणजे अख्खी साइट. बघता बघता शाळेचं पान कोरं. होस्टिंगवाल्यांकडे ११ दिवसांपूर्वीचा बॅकअप निघाला म्हणून वाचलो, पण त्या ११ दिवसांत टाकलेले निकाल मी रात्री बसून परत भरले. मुख्याध्यापक बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं की मुलांचे फोटो परत येतील ना. ते आले नाहीत.

तेव्हा ताई, काढताना आधी अकाउंटच्या समोर लिहिलेला फोल्डरचा रस्ता वाचा, मग फक्त अकाउंट काढा, फाइल्स काढायला नाही म्हणा. फाइल्स नंतर फाइल मॅनेजरमधून हाताने, डोळ्यांनी बघून काढता येतात.

जुनी_पानं:

सगळ्यांचे मनापासून आभार. कोकणवारा, वाचून पोटात गोळा आला, लक्षात ठेवते. ॲनॉनिमसच्या टिका बघितल्या, बघू द्यायची टीक चालू होती!! कधीपासून कोण जाणे, बंद केली, फोल्डर रिकामं होतं म्हणून जीव भांड्यात पडला.

अकाउंट केलं, फोल्डर बाहेर, कोटा १२०००. पण दादांना लागत नाहीये. काल ५३० लॉगिन ऑथेंटिकेशन फेल्ड असं येत होतं, पासवर्ड मी फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवला तरी तेच, त्यांनी पाचसहा वेळा केलं आणि आता तर नुसतं थांबून राहतं आणि टाइम आउट. इकडे आमची साइट पण त्यांना दिसत नाही म्हणतात, मला दिसतेय. मी काही बिघडवलं का?

सर्व्हरवाला_कोल्हापूर:

नाही ताई, काही बिघडलं नाही, हे दोन वेगळे प्रकार एकावर एक आलेत.

५३० आला म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचले होते, नाव किंवा पासवर्ड चुकला. माझा अंदाज, त्यांनी युजरच्या जागी नुसतं स्कॅन टाकलं. सीपॅनलमध्ये पूर्ण नाव लागतं, स्कॅन मग ॲट आणि पुढे तुमचं डोमेन, ईमेलसारखं दिसतं तसं. ईमेल नसतं ते, पण लिहायचं तसंच. आणि पासवर्ड फोनवर वाचू नका, शून्य आणि ओ, एक आणि एल, यातच अर्धा दिवस जातो. पासवर्ड मेसेजने आणि युजरनेम वेगळ्या ठिकाणी, मेलने, असं पाठवा.

पाचसहा वेळा चुकल्यावर सर्व्हरच्या फायरवॉलने (पहारेकरीच म्हणा) त्यांचा आयपी, म्हणजे त्यांच्या नेटचा पत्ता, अडवला, म्हणून साइट पण दिसत नाही. होस्टिंगच्या सपोर्टला दादांचा आयपी देऊन सोडवायला सांगा. तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर साइट उघडून बघा म्हणावं, दिसली की समजायचं हेच कारण.

अजून एक पुढे येईल ते आत्ताच सांगून ठेवतो. लॉगिन होईल पण फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग असं म्हणेल. एफटीपीत २१ वर फक्त बोलणं होतं, यादी आणि फाइली दुसऱ्याच पोर्टवरून येतात जातात. तिथे एकतर पॅसिव्ह मोड (दुसरं पोर्टही दादांच्याच बाजूने जोडायची पद्धत) बंद असतो किंवा ऑफिसची फायरवॉल ती वरची पोर्ट्स अडवते. ट्रान्सफर सेटिंग्जमध्ये पॅसिव्ह करायला सांगा, तरी नाही झालं तर घरच्या नेटवरून करा. सर्टिफिकेटची चौकट येईल, नाव जुळत नाही म्हणेल, तेव्हा डोळे झाकून ओके नको, होस्टच्या जागी कंपनीने दिलेलं सर्व्हरचं नाव टाका, ती तक्रार सहसा जाते.

आणि एका वेळी दोनच फाइली जाऊ द्या. २० एमबीपीएस अपलोड असेल तर कागदावर सव्वा तासाचं काम आहे, प्रत्यक्षात जास्त लागेल.

जुनी_पानं:

झालं!! तुम्ही म्हणालात तसंच, नुसतं स्कॅन टाकत होते. सपोर्टने आयपी सोडला, ऑफिसमधून यादीचा तोच एरर आला आणि घरी गेल्यावर पहिल्याच फटक्यात लागलं. रात्री साडेदहाला लावलं, सकाळी फेल्डच्या टॅबमध्ये ३ फाइली होत्या, त्या परत टाकल्या. आज दुपारी काकांना बसवून एकेका अंकाची पानं मोजली, मूळ अंक समोर ठेवून, ४१२ ला ४१२ आहेत. बैलांचं पान मोठं करून बघितलं तर झुलीवर चित्रकाराने पेन्सिलने आधी काढलेली रेघ दिसते, इतकी वर्षं ती कुणाला दिसली नव्हती. काका बराच वेळ स्क्रीनसमोरून हललेच नाहीत.

आता हार्डडिस्कवर उतरवणं चालू आहे, दुसरी प्रत काकांच्या घरी राहणार. अकाउंट अजून काढलेलं नाही, दादा म्हणाले एका अंकाचं मुखपृष्ठ थोडं तिरकं आलंय, ते परत पाठवतात.

कोकणवारा:

वा ताई, खूप आनंद झाला. तोवर पासवर्ड बदलून ठेवा, ते पाठवणार असतील त्या दिवशी नवीन द्या. आणि काढताना रस्ता वाचा.